जुन्या व्हॅनमधले फिरते कार्यालय : नफा कोठे, फसगत कोठे?

आमच्या ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडी या पट्ट्यात धंदा करणाऱ्या माणसाची पहिली अडचण भांडवलाची नसते, जागेची असते. 1976 साली जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबांना चिता कॅम्पला आणून वसवले गेले. तेव्हापासून आजतागायत 10 बाय 15 च्या खोलीत दिवसा शिलाई मशीन आणि रात्री बिछाना, असाच आमच्या कारागिरांचा संसार चालला आहे. एखादे मोठे गिऱ्हाईक घरी आले की स्त्रियांना आत जावे लागते, आणि ‘आत’ म्हणावे अशी जागाच नसते. मालाचे नमुने पलंगाखाली, पावतीपुस्तक फळीवर आणि हिशेबाची वही मुलांच्या दप्तरात. अशा ठिकाणी बसून लाखाचा सौदा कसा करायचा? गाळा भाड्याने घ्यावा तर डिपॉझिटमध्येच निम्मे भांडवल अडकते.

म्हणून अलीकडे आपल्या तरुण व्यापाऱ्यांच्या मनात एक कल्पना घर करू लागली आहे. एखादी जुनी व्हॅन घ्यायची, तिच्यात टेबल, बाकडे आणि नमुन्यांची कपाटे बसवायची आणि तेच आपले कार्यालय करायचे. गेल्या काही महिन्यांत तीन जणांनी या बाबतीत माझा सल्ला विचारला. मी स्वतः 2014 ते 2021 अशी सात वर्षे अशा व्हॅनमधून कापडाचा धंदा केला आहे. त्यात कमावले आणि गमावलेही. एकेकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा सर्व बांधवांपुढे हिशेब मांडावा, या हेतूने हे लिहीत आहे.

कल्पना नवी नाही

माल घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी जाणे ही आपली जुनी रीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) हे तरुणपणी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन काफिल्याबरोबर शामला गेले होते, हे आपण जाणतोच. आपल्या वाडवडिलांनी खांद्यावर गठ्ठे घेऊन कापड विकले. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला बनणारी मॅटाडोर आली आणि कित्येक छोट्या व्यापाऱ्यांचे गोदाम चाकांवर आले. 1984 पासून मारुतीची व्हॅन मिळू लागली. तिचेच नाव पुढे ओम्नी झाले आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. 2005 साली टाटांचा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, बाजारात आला. जुन्या वाहनाला नवे काम देण्याचे उदाहरण पाहायचे तर पुण्यात 2016 पासून जुन्या बसगाड्यांत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे सुरू झाली. तेव्हा जुन्या गाडीत कार्यालय करणे अशक्य मुळीच नाही. प्रश्न आहे तो गाडी पारखण्याचा आणि कागदांचा.

माझा सौदा

2014 च्या सुरुवातीला मला एक आठ आसनी डिझेल व्हॅन दाखवण्यात आली. गाडी 2008 ची, खाजगी वर्गात नोंदलेली. आधी एका कंपनीने ती फिरते कार्यालय म्हणून वापरली होती. मागची आसने काढून टाकलेली, मध्ये स्क्रूने पक्के बसवलेले टेबल, दोन बाकडी, फायलींचे कपाट, छताला छोटा पंखा, बॅटरीवर चालणारे दिवे आणि खाली चकचकीत व्हिनाइलची फरशी. मी आत बसलो आणि मला माझे कार्यालयच दिसू लागले. विकणारा आमच्याच ओळखीचा, मशिदीत रोज सलाम-दुआ होणारा. 2 लाख 15 हजारांत सौदा ठरला. मी बयाणा दिला, आठ दिवसांत बाकी रक्कम दिली आणि किल्ली घेतली. ‘आपलाच माणूस’ म्हणून गाडीच्या स्थितीबद्दल एक ओळही लिहून घेतली नाही.

पहिल्या पावसाळ्यात बाकड्याखाली पाणी दिसू लागले. व्हिनाइल उचलले, तर खाली कुजलेले प्लायवूड निघाले. प्लायवूड उचलले, तर त्याखालचा पत्रा गंजून जाळी झालेला होता. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर जाते, हे ट्रॉम्बेच्या माणसाला कोणी सांगायला नको. पण मी झाकण पाहिले आणि झाकलेले पाहिले नाही. पत्रा कापून नवा बसवायला 34 हजार रुपये गेले.

दुसरा खड्डा कागदांचा. गाडीच्या नोंदणीपुस्तकात कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव तसेच होते. कर्ज फिटले होते म्हणे. पण बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 दिल्याशिवाय ती नोंद निघत नाही, आणि ती निघेपर्यंत गाडी माझ्या नावावर होत नव्हती. मूळ मालक कंपनी तोवर जागा बदलून गेलेली. सहा महिने मी खेपा घालत होतो. त्या काळात गाडी चालवत होतो मी, आणि कागदोपत्री मालक होता दुसराच. अल्लाहने लाज राखली म्हणून त्या सहा महिन्यांत अपघात झाला नाही.

अपघात झाला तो 2016 च्या पावसाळ्यात. मानखुर्दच्या चौकात मागून एका टँकरने ठोकर दिली. माणसांना काही झाले नाही, परंतु मागचा दरवाजा आणि डाव्या बाजूचा पत्रा गेला. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने नोंदणीपुस्तक पाहिले, गाडी पाहिली आणि विचारले, “पुस्तकात आसने आठ आहेत, गाडीत तीन का?” बदलाची नोंद ना परिवहन कार्यालयात होती, ना विमा कंपनीला कळवलेली. दावा नामंजूर झाला. 47 हजार रुपये पदरचे घातले.

कायदा काय म्हणतो?

माझ्या नुकसानीतून मला जो कायदा शिकावा लागला, तो वाचकांनी फुकटात शिकून घ्यावा.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधील एका प्रकरणात हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणजे आसने काढून टेबल ठोकणे ही सुताराची बाब नाही, परवानगीची बाब आहे. ‘तयार कार्यालय’ असलेली गाडी कोणी विकत असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की हे बदल पुस्तकात चढवले आहेत काय?

मालकी बदलताना फॉर्म 29 आणि फॉर्म 30 लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. आमच्या भागाचे काम वडाळ्याच्या मुंबई (पूर्व) परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-03 मध्ये होते. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. तोवर तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण चालू राहते. परंतु आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई जुन्या मालकाच्या पॉलिसीवर मिळेल, या भ्रमात राहू नये.

विकणाऱ्यांनीही गाफील राहू नये. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार. ‘मी तर गाडी केव्हाच विकली’ हे उत्तर चालत नाही.

खाजगी गाडीतून नमुने आणि हिशेबाच्या वह्या नेणे वेगळे आणि तागेच्या तागे भरून नेणे वेगळे. मालच वाहायचा असेल तर मालवाहू वर्गात नोंदलेली गाडी घ्यावी. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. मात्र फिटनेस दाखला लागतो. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. चालकाच्या परवान्याची चिंता बरीच मिटली आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक 7,500 किलोच्या आतले मालवाहू वाहनही चालवू शकतो.

गाडीत बसून ऑर्डर घेणे आणि रस्त्याच्या कडेला दार उघडून किरकोळ विक्री करणे, यातही फरक आहे. किरकोळ विक्री सुरू केली की आपण 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली येतो आणि मग प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. जीएसटी असलेल्यांनी सोबतच्या मालाचे डिलिव्हरी चलन ठेवावे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत एक लाखाच्या वर गेली तर ई-वे बिलही लागते.

गाडी पाहायला जाल तेव्हा

पहिली गोष्ट, गाडी दिवसाउजेडी आणि थंड इंजिनावर पाहावी. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवलेली गाडी आपली खोड लपवते. सोबत आपला मिस्त्री न्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे.

दुसरी गोष्ट, फरशी उचलायला लावावी. बदललेल्या गाडीत प्लायवूड, रेक्झिन आणि गालिचा यांच्याखाली सर्व काही झाकले जाते. चाकांच्या वरचा पत्रा, दरवाजांचे खालचे काठ आणि चेसिस हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. चांगला पत्रा वाजतो, पुट्टी भरलेला पत्रा बद्द आवाज करतो. लोहचुंबक जवळ ठेवावा. पुट्टीवर तो धरत नाही.

तिसरी गोष्ट, पाण्यात बुडालेली गाडी ओळखावी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरातल्या असंख्य गाड्या बुडाल्या. त्यानंतरही मुंबईत पाणी साचायचे थांबलेले नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. टोकाला चिखलाचा डाग असेल तर समजून जावे. आसनांच्या स्क्रूंवरचा गंज आणि डॅशबोर्डखालचा कुबट वास खोटे बोलत नाहीत.

चौथी गोष्ट, वायरिंग. पंखा, दिवे आणि चार्जिंग यांसाठी ओढलेल्या जादा वायरींना फ्यूज आहे की नुसत्या गाठी मारून टेप गुंडाळली आहे, हे पाहावे. आपला माल कापड आहे. एक ठिणगी पुरेशी आहे. गाडी सीएनजीवर असेल तर सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी कधी झाली, याचा दाखला मागावा.

पाचवी गोष्ट, इंजिन आणि चेसिसचे नंबर पुस्तकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. 2014 साली मला माहितीसाठी खेपा घालाव्या लागल्या. आज परिवहन खात्याच्या अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाची नोंद घरबसल्या दिसते. थकलेली ई-चलनेही ऑनलाइन पाहता येतात. एवढी सोय असताना न पाहणे हा आळसच म्हणावा लागेल.

सहावी गोष्ट, वय. खाजगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे नूतनीकरण करायचे तर पुन्हा तपासणी, एप्रिल 2022 पासून वाढलेले शुल्क आणि पर्यावरण कर. मालवाहू गाडीला हा कर आठ वर्षांनंतरच सुरू होतो. बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त मिळते, ती याच कारणाने.

टेबल घडीचे असावे

अपघातानंतर मी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून त्याच मॉडेलची आसने शोधून आणली आणि मूळ जागी बसवली. पक्के टेबल काढून टाकले. त्याऐवजी सुताराकडून घडीचे टेबल करून घेतले. नमुन्यांसाठी पत्र्याच्या दोन पेट्या केल्या, त्या उचलून आत-बाहेर ठेवता येत. सर्व मिळून 22 हजार खर्च आला. आता गाडी पुस्तकाप्रमाणे होती आणि कार्यालयही चालत होते. जे काम पाच मिनिटांत उघडता-मिटता येते, त्यासाठी गाडीला भोके पाडण्याची गरज नव्हती. नवशिक्यांना माझा हाच सल्ला आहे. तयार कार्यालयासाठी वीस-तीस हजार जास्त मोजू नका, साधी नीट गाडी घ्या.

हिशेब

गाडी 2 लाख 15 हजार, पत्रा 34 हजार, अपघात 47 हजार, आसने आणि टेबल 22 हजार, असे एकूण 3 लाख 18 हजार झाले. सात वर्षांनी गाडी 95 हजारांना गेली. म्हणजे 2 लाख 23 हजार खर्ची पडले, दरमहा सुमारे 2,650 रुपये. डिझेल सरासरी 6,500, विमा आणि दुरुस्ती 2,000, रात्री उभी करण्याच्या जागेचे 1,500. महिन्याची बेरीज 12,650 च्या घरात जाते. त्या वेळी मला गाळा मिळत होता 14 हजार भाड्याने आणि दीड लाख डिपॉझिटवर.

म्हणजे निव्वळ भाड्याची बचत फार नाही. व्हॅनने मला दिले ते वेगळेच. सकाळी ईस्टर्न फ्रीवेवरून मंगलदास मार्केट, दुपारी गोवंडीतले शिलाईचे कारखाने, आठवड्यातून एकदा भिवंडी. कारागीर काम सोडून माझ्याकडे येत नव्हता, मी त्याच्या दारात जात होतो. तिथेच नमुना, तिथेच भाव, तिथेच पावती. ज्याचा धंदा असा आठवड्यातून चार-पाच दिवस फिरण्याचा आहे, त्याने व्हॅन जरूर घ्यावी. ज्याचे गिऱ्हाईक त्याच्याकडे चालून येते, त्याने घेऊ नये. त्याच्यासाठी उभी गाडी म्हणजे गंजणारे भांडवल. 2020 च्या टाळेबंदीत माझी गाडी महिनोन्महिने उभी होती तेव्हा मला हे चांगलेच कळले.

आणखी एक आकडा. पत्रा, अपघात आणि आसने यांचे 1 लाख 3 हजार हे निव्वळ माझ्या बेफिकिरीचे. महिन्याला सव्वाबाराशे रुपये मी सात वर्षे न पाहिल्याबद्दल भरत होतो.

पैसा कोठून आणावा?

जुन्या गाडीवर कर्ज सहज मिळते, आणि त्याचे व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असते. व्याज हराम आहे हे आपण सर्व जाणतो. परंतु ‘मजबुरी आहे’ म्हणून पुढे जातो. माझे म्हणणे असे की, जुनी व्हॅन ही मजबुरी नाही. दोन-तीन व्यापाऱ्यांनी भागीदारीत एक गाडी घ्यावी, आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. नातेवाइकाकडून कर्ज-ए-हसना घ्यावे किंवा बिनव्याजी पतसंस्थेत जावे. मात्र जे कराल ते कागदावर करा. नोंदणी कोणाच्या नावावर, दुरुस्तीचा वाटा कोणाचा, एकाने अंग काढून घेतले तर काय, हे सर्व आधी लिहावे. सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. आपण आयत पाठ करतो आणि सौदा तोंडी करतो. लिहिणे म्हणजे भावाविषयी शंका घेणे नव्हे. लिहिल्याने भाऊ भाऊ राहतो. ज्याने मला ती व्हॅन विकली त्याच्याशी माझी सलाम-दुआ आज नाही, याचे मला गाडीपेक्षा जास्त दुःख आहे.

विकण्याची वेळ आली तेव्हा

2021 च्या सुरुवातीला मी गाडी विकायला काढली. एक दलाल 1 लाख 25 हजार द्यायला तयार होता. अट एकच, जुने काही बोलायचे नाही. त्याच आठवड्यात गोवंडीच्या शिवाजीनगरातला एक तरुण जरीकाम करणारा कारागीर आला. गाडीत बसला, टेबल उघडून पाहिले, आणि सात वर्षांपूर्वी माझ्या चेहऱ्यावर असेल तसाच आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसला.

मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले. फसवणारा आपल्यातला नव्हे, हा तिचा बोध. माझ्या व्हॅनची फरशी हेच ते धान्य होते. देशाचा माल विक्री कायदा 1930 मुख्यतः घेणाऱ्यानेच पारखून घ्यावे असे मानतो. आपल्या फिकहमध्ये मात्र लपवलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, त्यालाच खियार-ए-ऐब म्हणतात.

मी कागद घेतला आणि चार ओळी लिहिल्या. पत्रा कापून बसवलेला आहे. मागून अपघात झाला आहे. आसने मूळची नाहीत. 2023 ला नोंदणी संपते, पुढे खर्च आहे. माझा मुलगा शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, “अब्बा, एवढे सांगायची काय गरज?” त्या तरुणाने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “चाचा, मला 95 हजारच जमतील.” मी दिली. खोटे कशाला सांगू, 30 हजार कमी आल्याचे वाईट वाटले.

2023 मध्ये मुदत संपली तेव्हा त्याने नूतनीकरण केले नाही. रीतसर नोंदणी रद्द करून गाडी भंगारात दिली. दोन वर्षांत तिने त्याचे काम उभे केले होते. नेट आणि जॉर्जेट तो आजही माझ्याकडूनच घेतो, आणि उधारी कधी थकवत नाही. 30 हजार केव्हाच वसूल झाले. परंतु ते वसूल झाले नसते तरी तो कागद लिहिणेच योग्य होते.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि तराजू सरळ धरण्याची तौफीक देवो. आमीन.